सुपारीपटातली पावलं: एका थ्रिलरचं फोली करताना

पिक्चर लॉक झाला, म्हणजे चित्राचं संकलन पक्कं झालं, की सिनेमा आमच्याकडे, म्हणजे पडद्यावरच्या पावलांचे आणि वस्तूंचे आवाज स्टुडिओत करणाऱ्या फोलीवाल्यांकडे, रीलच्या तुकड्यांत येतो. दोन तासांचा सिनेमा म्हणजे साधारण वीस-वीस मिनिटांच्या सहा रील. प्रत्येक रीलवर टाइमकोड (तास, मिनिट, सेकंद, फ्रेमचा आकडा) छापलेला आणि सोबत शूटिंगच्या वेळचा आवाज, म्हणजे गाइड ट्रॅक. हा सिनेमा होता सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या एका मुरलेल्या गड्याचा आणि त्याच्या हाताखाली तयार होणाऱ्या विशीतल्या पोराचा. पटकथेत दोघांना नावं आहेत. क्यू शीटवर, म्हणजे कुठला आवाज कुठं येतो त्या यादीवर, मात्र आम्ही 'उस्ताद' आणि 'पोर' एवढंच लिहिलं, आणि सगळे आवाज एकत्र करण्याच्या शेवटच्या मिक्सपर्यंत तेच चाललं.

या जातीच्या सिनेमात माणसं कमी बोलतात. 1972 सालच्या, चार्ल्स ब्रॉन्सनच्या 'द मेकॅनिक'मध्ये सुरुवातीची सुमारे 16 मिनिटं एकही संवाद नाही. मारेकरी समोरच्या खोलीतून पाळत ठेवतो आणि तयारी करतो, बस्स. संवाद थांबले की प्रेक्षकाचा कान आपोआप हातापायांकडे जातो. तिथं जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं नंतर स्टुडिओत, पडद्याकडे बघत केलेलं असतं. युनिव्हर्सल स्टुडिओतला जॅक फोली 1929 च्या 'शो बोट'च्या काळात हे करू लागला, म्हणून या कामाला फोली म्हणतात. यंत्रं बदलली, पण काम आजही तसंच चालतं: चित्र चालू, माइक चालू आणि माणूस चित्राबरोबर चालतोय.

बंदुकीचा बार, गाडीचं इंजिन, स्फोट, पाऊस हे आमच्याकडे येत नाही. ते इफेक्ट्स एडिटर लायब्ररीतून किंवा वेगळं रेकॉर्ड करून लावतो. आमच्याकडे तीन गोष्टी: पाय, कपडे आणि हातातल्या वस्तू. तिन्ही वेगवेगळ्या फेऱ्यांत करायच्या. पाय करताना शर्टाची सळसळ आत आली तर ती नंतर काढता येत नाही. म्हणून अंगात घट्ट सुती कपडे घालायचे. घड्याळ, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल सगळं बाहेर. रिकाम्या पोटी आणि भरल्या पोटी, दोन्ही वेळा पोट बोलतं, त्यामुळे जेवणानंतर लगेच शांत सीन घ्यायचे नाहीत. एसी बंद. ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद खोलीत एसीशिवाय धावण्याचे सीन करणं किती जड जातं, हे त्या खोलीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

स्पॉटिंगला, म्हणजे सिनेमा बघत कुठं कुठला आवाज हवा हे ठरवायच्या बैठकीला, दिग्दर्शक आणि साउंड डिझायनर दोघं होते. बहुतेक वेळ बंदुकींवरच गेला. आमच्या मते सिनेमा पावलांत होता. उस्ताद पोराला जे शिकवतो ते मुळात आवाज न करता वावरायला शिकवतो. पोर पहिल्या रीलमध्ये जिना धाडधाड चढतो आणि सहाव्या रीलमध्ये उस्तादाच्याच घरात त्याच्या पाठीमागे येऊन उभा राहतो. या दोन टोकांमध्ये त्याची चाल बदलत गेली नाही, तर शेवटच्या सीनवर कुणाचा विश्वास बसणार नाही, कॅमेरा कितीही चांगला असो. हे दिग्दर्शकाला पटलं आणि त्याप्रमाणे आम्ही रीलवार ठरवून घेतलं.

आधी बूट. पडद्यावर उस्तादाच्या पायात तपकिरी लेदरचे बूट दिसतात. सरळ हिशेबाने लेदर सोलचे बूट घालून केलं असतं तर प्रत्येक पावलाला टक् टक् आली असती आणि तो बँकेतला साहेब वाटला असता. म्हणून झिजलेल्या क्रेप सोलचा (मऊ रबरी तळाचा) जुना जोड घेतला आणि टाचेखाली कापडी टेपचे दोन थर लावले. वरचं लेदर मात्र खरं ठेवलं, कारण वाकताना जो बारीक ताण ऐकू येतो तो लेदरचाच हवा. पोराला कडक रबराचे कॅनव्हास बूट, नाडी सैल. लादीवर चुंईं वाजायला हवं तिथं सोल ओल्या फडक्याने पुसायचा. चिकट आवाज हवा असेल तर फरशीवर थोडं गोड सरबत सांडून ते अर्धवट वाळू द्यायचं.

पावलाच्या आवाजात तीन भाग असतात: टाच टेकते, तळवा लोळतो, चवडा सुटतो. साध्या माणसाचे तिन्ही ऐकू येतात. पोराचं पहिल्या दोन रीलमध्ये सगळं भडक: टाच जड आणि चवडा सुटताना घासणारा. उस्तादासाठी पायाची बाहेरची कड आधी टेकवून मग तळवा बसवला, म्हणजे तीन भागांचा एकच मऊ आवाज होतो. हे जागच्या जागी करायचं असतं, कारण माइक हलत नाही. नवीन माणूस पडद्यावरच्या पायांकडे बघतो आणि चुकतो. अर्ध्या शॉट्समध्ये पाय फ्रेममध्ये नसतातच. बघायचे खांदे. खांदा खाली आला की वजन पडलं.

सिंक, म्हणजे आवाज आणि चित्राचा मेळ, फ्रेममध्ये मोजतात. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम सुमारे 42 मिलिसेकंदांची. आवाज एक फ्रेम उशिरा आला तर चालून जातो, एक फ्रेम आधी आला तर लगेच खटकतं. कारण निसर्गातही आवाज दृश्याच्या मागूनच येतो. पडद्यापासून वीस मीटर मागे बसलेल्या माणसाला थिएटरमध्ये तसाही जवळजवळ दीड फ्रेम उशीर मिळतो.

सगळ्यात अवघड गेलं ते उस्तादाचं चालणं. आवाज न करणाऱ्या माणसाला आवाज द्यायचा, आणि तोही असा की प्रेक्षकाला वाटावं, हा आवाज करत नाही. नेहमीच्या ताकदीने चालून मिक्समध्ये फेडर (पातळी कमी-जास्त करायची पट्टी) खाली घेतला की तो माणूस शांत होत नाही, लांब जातो. हळू चालून माइक जवळ आणला तरच शांतता जवळून ऐकू येते. नेहमी पावलांना माइक मीटर-दीड मीटरवर असतो. उस्तादासाठी तो दीड फुटावर आणला आणि प्रीअ‍ॅम्पचा गेन, म्हणजे माइकचा आवाज मोठा करण्याचं प्रमाण, वाढवला. इथं दुसरी अडचण उभी राहते: गेन वाढवला की माइकचा स्वतःचा खरखराट वर येतो. सेनहायझर एमकेएच 416 चा स्वतःचा नॉइज 13 डेसिबल (डीबी), न्यूमन यू87 चा 12. धडधाकट पावलांना हे चालतं, पण नखाने कापड घासल्यासारखं पाऊल असेल तर मागे सूं ऐकू येतं. रोड एनटी1-ए हा स्वस्तातला माइक, पण त्याचा नॉइज 5 डीबी. त्याने काम निभावलं. महाग माइक म्हणजे प्रत्येक कामाला योग्य माइक, असं नसतं.

शिवाय शांत माणूस त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंतून ऐकू येतो. जिन्याची एक फळी कुरकुरते आणि तो थांबतो. बुटाखाली वाळूचा एक कण चिरडतो. यासाठी फरशीवर चिमूटभर बारीक वाळू टाकली. मूठभर टाकली तर बांधकामाच्या जागेवर चालतोय असं वाटतं.

जमिनीबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथं बऱ्याच स्टुडिओंत गोची असते. आमच्याकडे साधारण तीन बाय चार फुटांचे खण आहेत: काँक्रीट, मोझेक, कडप्पा, लाकूड, मुरूम, माती आणि एक जाड पत्रा. काँक्रीटचा स्लॅब पोकळ फ्लोअरवर ठेवला तर तो काँक्रीटसारखा वाजतच नाही, खालची पोकळी लाकडी खोक्यासारखी घुमते. तो थेट जमिनीवर ओतलेला हवा. ते शक्य नसेल तर खाली वाळू ठासून भरावी लागते. उलट चाळीतल्या जिन्याला खाली पोकळीच हवी. त्यासाठी जुन्या सागवानी फळ्या खोक्यावर ठोकल्या, त्यातली एक मुद्दाम सैल सोडली. कुरकुर हवी तिथं त्याच फळीवर वजन टाकायचं, आणि कुरकुर पावलाच्या नंतर दोन-तीन फ्रेमनी आली पाहिजे, बरोबर नव्हे.

पावसाळ्यात यातलं निम्मं बिघडतं. मुरूम दमट झाला की करकर जाते आणि चिखलासारखं थबथब ऐकू येतं. लाकूड फुगून गप्प होतं. लेदर ओल धरतं आणि नको तिथं कुंई करतं. मुरूम पातेल्यात परतून कोरडा करून घ्यायचा, वापरायच्या आधी चाळायचा म्हणजे धूळ उडत नाही. बुटांत सिलिका जेलच्या पुड्या आणि शिवणीवर टाल्कम पावडर. छपरावर पाऊस वाजत असेल तर शांत सीन पुढे ढकलायचे आणि मारामारी उरकून घ्यायची.

कपड्यांच्या फेरीला निर्माते फार किंमत देत नाहीत, पण इथं तिने मोठं काम केलं. पोराच्या अंगात नायलॉनचं विंडचीटर आहे, हात हलला की सुळसुळतं. तिसऱ्या रीलमध्ये उस्ताद त्याला ते काढून टाकायला लावतो. त्या क्षणाचा परिणाम व्हायला हवा असेल तर आधीची चाळीस मिनिटं ते नायलॉन प्रेक्षकाच्या कानात भरलं गेलं पाहिजे, तेही त्याच्या लक्षात न येता. कापड दोन्ही हातांत धरून छातीसमोर चोळायचं, माइक फूटभर अंतरावर. उस्तादाला जुना धुवट सुती शर्ट, तोही फक्त बसताना-उठताना.

आता तो टेबलावरचा सीन. उस्ताद डोळे मिटून पिस्तूल सोडवतो, भाग एका रांगेत मांडतो, परत जोडतो. मग तेच पोर करतो. कॅमेरा चेहऱ्यांवर आहे, हात निम्म्या वेळा दिसतच नाहीत. शूटिंगमधला आवाज निरुपयोगी होता: डमी हलकी होती आणि टेबलावर सनमायका, सगळं खुळखुळ्यासारखं ऐकू येत होतं. प्लॅस्टिकच्या डमीला वजन नसतं आणि कानाला वजनच हवं असतं. म्हणून एकही आवाज डमीचा घेतला नाही. मॅगझीन सुटण्याला जुन्या स्टीलच्या डब्याची क्लिप आणि पाठोपाठ ड्रॉवरच्या रुळाचं घसरणं. स्लाइडला, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला, दाराची लोखंडी कडी, तेल लावलेली. स्प्रिंगला छत्रीच्या दांड्यातली स्प्रिंग, बोटांत दाबून हळूच सोडलेली. बॅरल टेकवण्याला अर्ध्या इंची जीआय पाइपचा वीतभर तुकडा. टेबल भरीव लाकडाचं आणि उस्तादाच्या वेळी त्यावर फडकं पसरलेलं.

भाग तेच, क्रम तोच, तरी दोघांचं वेगळं ऐकू यायला हवं. उस्तादाचा प्रत्येक आवाज सारख्या अंतराने येतो आणि कुठलीही वस्तू दोनदा टेकत नाही. पोराच्या हातून पाइप टेकताना दोनदा वाजतो, स्प्रिंग निसटून गोल फिरते, क्लिप पहिल्या झटक्यात बसत नाही. हे अडखळणंसुद्धा बेतून करावं लागतं. खरंच अडखळत केलं की गोंधळ ऐकू येतो, भीती ऐकू येत नाही. चौथ्या रीलमध्ये पोर हेच पुन्हा करतो तेव्हा फडकं नाही, पण अंतरं उस्तादाची. इथं रेकॉर्डिस्टने चांगली सूचना केली: उस्तादाच्या आवाजांचे टाइमकोड लिहून घ्या आणि पोराच्या हाताची चाल जिथं दिसत नाही तिथं तीच अंतरं ठेवा. तसं केलं.

सायलेन्सरवर बराच वाद झाला. सिनेमातलं ते 'फुट्' खऱ्याच्या जवळपासही नाही. नऊ मिलिमीटर पिस्तुलाचा बार 160 डीबीच्या आसपास असतो. चांगला सायलेन्सर त्यातले 25 ते 35 डीबी खातो, म्हणजे उरतात तरीही सव्वाशेच्या वर. गोळी आवाजापेक्षा, म्हणजे सेकंदाला 343 मीटरपेक्षा वेगाने जात असेल तर हवेत तिचा स्वतःचा कडाका होतो, त्याला नळीवरचा सायलेन्सर काही करू शकत नाही. प्रेक्षकाला मात्र 'फुट्' हवं असतं. बार कसा असावा हे इफेक्ट्सवाल्याने ठरवलं; आमचा आग्रह एवढाच होता की स्लाइड मागेपुढे होण्याचा लोखंडी आवाज आणि पुंगळी (गोळीचं रिकामं पितळी कवच) पडण्याचा आवाज दाबू नका. बार शांत केला की हेच दोन उघडे पडतात, आणि हत्यार खरं वाटतं ते त्यांच्यामुळे.

पुंगळीच्या बाबतीत एक चूक सर्रास दिसते. बार झाला की लगेच टण्ण. उभ्या माणसाच्या हातातून, साधारण 1.4 मीटरवरून वस्तू जमिनीवर यायला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त लागतं, म्हणजे 13 फ्रेम. पुंगळी आधी थोडी वर उडते, म्हणजे आणखी दोन-तीन. त्याआधी वाजली तर कुणाला सांगता येत नाही काय चुकलं, पण सीन खोटा वाटतो. पुंगळीला पितळच हवं; पितळी नळीचे दोन-दोन सेंटिमीटरचे, एका बाजूने बंद केलेले तुकडे चालतात. मोझेकवर ती नाचते, मातीत गप्प होते. पोराच्या पहिल्या कामात ती गडगडत जाऊन पलंगाच्या लोखंडी पायावर आपटते आणि तो दचकतो. ते गडगडणं पूर्ण लांबीचं ठेवायला लावलं. एडिटरने तिथं आधी संगीत घातलं होतं, ते निघालं.

मारामारीत प्रत्येक ठोशाला तीन थर: खाली वजनाचा दणका, मध्ये कातडीचा, वर हाडाचा. दणक्याला वाळूच्या पोत्यावर लेदर जॅकेट टाकून मूठ मारायची. कातडीला ओली शॅमी (पुसायचं मऊ चामडं), हातावर आपटलेली. हाडाला परदेशात सेलरी (जाड देठांची भाजी) मोडतात. आम्ही ताजा मुळा ओल्या शॅमीत गुंडाळून पिळतो, आवाज जास्त भरीव येतो. मुळा शिळा असेल तर वाकतो, मोडत नाही. तिन्ही थर प्रत्येक ठोशाला लावले की पाचव्या ठोशाला कान थकतो. त्यामुळे हाडाचा थर अख्ख्या मारामारीत दोन किंवा तीन जागीच. ओला थर जास्त झाला की लोक हसतात.

वेताची छडी फिरवून जो सूं सूं येतो तो पोराच्या हातांना दिला, उस्तादाला नाही. पोर लांबून हात फिरवतो, उस्ताद जवळून मारतो. त्याच्या ठोशाआधी काही ऐकू येतच नाही. कॅमेऱ्यात हा फरक पुसट आहे, आवाजात स्पष्ट झाला.

सुरीचंही असंच. लेदरच्या म्यानातून सुरी काढली की 'शिंग' वाजत नाही, नुसतं घासतं. म्यानाच्या तोंडाला धातू असेल तरच थोडं वाजतं. इथं म्यान लेदरचं होतं. दिग्दर्शकाने दोन्ही ऐकली आणि घासणारं ठेवलं. पातं हातात फिरतं तिथं पातळ उलथण्याची कड नखाने हलकेच छेडली. जखमेसाठी भिजवलेला साबुदाणा शॅमीत दाबला. थोडाच, कारण तो शॉट दाराआडून आहे आणि दाराआडच्या आवाजात वरच्या फ्रिक्वेन्सी उरत नाहीत.

सहाव्या रीलमध्ये पोर उस्तादाच्या घरात शिरतो तेव्हा पडदा जवळजवळ काळा आहे. त्याच्या पायात अजूनही तेच कॅनव्हास बूट आहेत, त्यामुळे उस्तादाचे बूट घालून करणं खोटं ठरलं असतं. कॅनव्हास तेच ठेवले, नाडी घट्ट, सोल कोरडा, आणि चाल उस्तादाची: बाहेरची कड आधी, मग तळवा. माइकही तोच, दीड फुटावर. एका ठिकाणी सैल फळी येते. पोर तिच्यावर पाय देत नाही, ओलांडून पलीकडे टेकवतो. पहिल्या रीलमध्ये याच फळीवर तो तीनदा कुरकुरला होता. इथं मागची शांतताही खाली आणावी लागते. रातकिडे आणि लांबचा रस्ता सीनच्या आधीच हळूहळू कमी करत आणले नाहीत, तर इतकी बारीक पावलं त्यात बुडतात.

मिक्सला जाताना सगळं 48 किलोहर्ट्झ, 24 बिटमध्ये, प्रत्येक पात्राचे पाय, कपडे आणि वस्तू वेगवेगळ्या ट्रॅकवर. एकत्र करून दिलं की मिक्सरचे हात बांधले जातात. शेवटच्या सीनमध्ये दोघांच्या पावलांची पातळी सारखी ठेवा, अशी नोंद क्यू शीटवर लाल अक्षरांत होती.

यानंतरचं काम कुणाला दिसत नाही, पण डबिंग त्यावरच उभं राहतं: एम अँड ई, म्हणजे संवाद वगळून उरलेला संपूर्ण साउंडट्रॅक. सिनेमा तमिळ, तेलुगू, हिंदीत जायचा असेल तर सिंक साउंडमधला, म्हणजे शूटिंगच्या वेळीच घेतलेल्या आवाजातला, संवाद काढल्यावर त्यासोबत आलेली पावलं, ग्लास ठेवणं, खुर्ची सरकणं सगळं जातं. म्हणून मूळ मिक्समध्ये एकदाही वापरलं जाणार नाही असंही फोली करून ठेवावं लागतं. बजेट कापलं जातं ते नेमकं इथं, आणि मग डब केलेल्या आवृत्तीत माणसं तरंगत चालतात. तपासायची पद्धत सोपी: संवादाचे ट्रॅक म्यूट करून अख्खी रील सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची, हातात कागद घेऊन. ओठ हलतायत आणि बाकी काहीच नाही, अशी जागा सापडली की टाइमकोड लिहायचा.

धापा, कण्हणं, ठोसा बसल्यावरचा हुंकार हे नटाचे आवाज. ते एम अँड ईच्या मुख्य ट्रॅकवर टाकायचे नाहीत, पर्यायी ट्रॅकवर ठेवायचे, म्हणजे डबिंगवाल्याला हवं तर स्वतःचे घालता येतात. गच्चीवरच्या पाठलागात पोराच्या धापा आणि पत्र्यावरची त्याची पावलं शूटिंगमध्ये एकाच माइकवर आली होती, वेगळी होईनात. पावलं पुन्हा पत्र्यावर केली, धापा डबिंगमध्ये नव्याने घेतल्या. ओटीटीसाठी वेगळा मिक्स लागतो. नेटफ्लिक्सला संवादाची सरासरी उणे 27 एलकेएफएसच्या (कानाला जाणवणारी पातळी मोजायचं एकक) आसपास आणि पीक, म्हणजे सर्वांत वरची पातळी, उणे 2 डीबीच्या खाली लागतो. घरच्या टीव्हीवर उस्तादाची पावलं थिएटरसारखी ठेवली तर पंख्याच्या आवाजात जातात. त्या मिक्समध्ये ती सुमारे 3 डीबी वर घेतली, पोराची मात्र पहिल्या पाच रीलमध्ये होती तिथंच ठेवली, आणि सहाव्या रीलमध्ये दोघांची बरोबर.